‘पदाचा मान ठेवा’ : कोणी, कोणाला, आणि नेमकं काय करून?

"माणूस कसाही असो, पदाचा मान ठेवायला पाहिजे." हे वाक्य तुम्ही पानठेल्यावर ऐकलं असेल, टीव्हीच्या चर्चेत ऐकलं असेल, निबंधात लिहिलंही असेल. पेटची तयारी करणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्येही ते वेगळे कपडे घालून येतं. ‘राजकीय पदांची घसरती प्रतिष्ठा : एक अभ्यास’ असं काहीतरी शीर्षक असतं. मग आरआरसीच्या बैठकीत समोरून विचारलं जातं: घसरती म्हणजे कधीपासून? कोणाच्या नजरेत? आणि मोजणार कशी? इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण आपण जे लिहून आणलेलं असतं तो प्रश्न नसतो, तो एक सुविचार असतो.

आज या एकाच वाक्याची उलटतपासणी करू. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन, कोणत्याही विषयात संशोधन करणार असाल तरी ही सवय उपयोगी पडेल: एखादं नैतिक वाक्य उचलायचं, त्याचे भाग सुटे करायचे, आणि कोणता भाग टिकतो ते पाहायचं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हे वाक्य खोटं नाही. पण ज्या पदांसाठी ते मोठ्याने म्हटलं जातं, त्यांना त्याची गरज फार कमी असते. आणि ज्या खुर्चीला त्याची खरंच गरज आहे, म्हणजे ग्रामपंचायतीतली खुर्ची, तिथे ते क्वचितच कोणी म्हणतं.

तेच वाक्य, तोंडं वेगळी

आधी महाराष्ट्रातल्या दोन घटना शेजारी ठेवू.

23 ऑगस्ट 2021. तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे जनआशीर्वाद यात्रेत महाडला होते. स्वातंत्र्याला किती वर्षं झाली हे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना भाषणात बाजूच्याला विचारावं लागलं, असा त्यांचा आरोप होता. आपण तिथे असतो तर कानाखाली लगावली असती, अशा अर्थाचं ते बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांना रत्नागिरी जिल्ह्यात अटक झाली आणि त्याच रात्री महाडच्या न्यायालयाने जामीन दिला. एका बाजूने म्हटलं गेलं, हा मुख्यमंत्रिपदाचा अपमान आहे. दुसऱ्या बाजूने म्हटलं गेलं, केंद्रीय मंत्र्याला अशी अटक करणं म्हणजे त्या पदाचा अवमान आहे. म्हणजे दोन्ही बाजूंच्या हातात शस्त्र एकच.

19 नोव्हेंबर 2022. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात होते. शिवाजी महाराज हे जुन्या काळातले आदर्श झाले, अशा आशयाचं त्यांचं बोलणं राज्यभर पेटलं. आता बाजू उलटल्या. वर्षभरापूर्वी मुख्यमंत्रिपदाच्या मानासाठी बोलणारे राज्यपालांवर तुटून पडले. तेव्हा मंत्र्याच्या पाठीशी उभे राहिलेल्यांपैकी अनेकांना आता घटनात्मक पदाची प्रतिष्ठा आठवली. 17 डिसेंबरला मुंबईत विरोधकांचा मोठा मोर्चा निघाला. फेब्रुवारी 2023 मध्ये कोश्यारींचा राजीनामा मंजूर झाला.

यावरून घाईने निष्कर्ष काढू नका की "बघा, सगळे ढोंगी आहेत, म्हणजे हे तत्त्वच खोटं." संशोधनात ही चूक फार होते. तत्त्व सांगणारा सोयीनुसार बदलतो, यावरून फक्त सांगणाऱ्याबद्दल काही कळतं, तत्त्वाबद्दल नाही. रोज सिगारेट ओढणारा डॉक्टर "सिगारेट वाईट" म्हणाला तरी सिगारेट वाईटच असते. तेव्हा ढोंग नोंदवून ठेवायचं आणि तत्त्व वेगळं काढून तपासायचं.

दोन शरीरं, आणि एक लढाई

पद वेगळं आणि माणूस वेगळा, ही कल्पना आली कुठून? यावरचं गाजलेलं पुस्तक म्हणजे एर्न्स्ट कांटोरोविच यांचं ‘द किंग्ज टू बॉडीज’, 1957 चं. मध्ययुगातल्या युरोपात राजाला दोन शरीरं असतात असं मानलं जाऊ लागलं, त्याचा हा इतिहास आहे. एक शरीर हाडामांसाचं, ते आजारी पडतं आणि मरतं. दुसरं राजपदाचं, ते मरत नाही. राजा मेला तरी त्याने दिलेली सनद चालू राहते, ती या दुसऱ्या शरीरामुळे.

आपल्याकडे ही कल्पना ‘पदाचा मान ठेवा’ म्हणणाऱ्यांच्या बाजूची समजली जाते. पण इतिहासात ती उलट दिशेनेही चालली आहे. 1642 मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने राजा पहिला चार्ल्स याच्याविरुद्ध सैन्य उभं केलं, ते राजपदाच्याच नावाने. त्यांचं म्हणणं असं, की राजपदाचा अधिकार आमच्याकडे, पार्लमेंटमध्ये आहे आणि हा माणूस त्या पदाच्याच विरुद्ध वागतो आहे. म्हणजे पद आणि माणूस वेगळे केले की पदाच्या आदरापोटी माणसाला जाब विचारता येतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मॅक्स वेबर कोर्सवर्कमध्ये येतोच. त्याच्या तीन प्रकारच्या सत्तांपैकी कायद्यावर उभी असलेली सत्ता घ्या. तहसीलदारांनी सही केलेला दाखला तुम्ही स्वीकारता, तो तहसीलदारांच्या स्वभावामुळे नाही. उद्या त्यांची बदली झाली तरी दाखला चालतो. इथे आज्ञापालन नियमाचं असतं, माणूस त्या नियमापुरताच.

तिसरं नाव स्टीफन डार्वल. 1977 च्या एका लेखात त्याने आदराचे दोन प्रकार पाडले. एका प्रकारात आपण समोरच्याची योग्य ती दखल घेतो, म्हणजे तो जो आहे त्याला आपल्या वागण्यात जागा देतो. दुसऱ्यात आपण त्याचे गुण जोखतो आणि ते पाहून मनात आदर वाटतो. पहिला सगळ्यांना सारखा देता येतो, दुसरा कमवावा लागतो.

गंमत म्हणजे मराठीत यासाठी दोन शब्द आधीच आहेत. मान *दिला* जातो, आदर *वाटतो*. "मला त्यांचा आदर वाटत नाही" हे आपण सहज म्हणतो. पण "मला त्यांचा मान वाटत नाही" असं म्हणत नाही. मान ही बाहेर दिसणारी कृती आहे आणि आदर आतली गोष्ट. तेव्हा आपल्या मूळ वाक्यात ‘पदाचा आदर करा’ असं न म्हणता ‘पदाचा मान ठेवा’ म्हणतात, ते भाषेच्या अंगाने अगदी बरोबर आहे. आदर सक्तीने वाटवता येत नाही.

मानात काय काय भरलं आहे?

इथून माझी टीका सुरू होते. डार्वलची विभागणी वापरून अनेक जण थांबतात: "पदाला दखलेचा मान द्या, व्यक्तीचा आदर वाटो न वाटो." वाचायला छान आहे. पण दखलेत काय काय येतं हे न सांगितल्यामुळे त्या पिशवीत कोणीही काहीही भरू शकतो. आपल्याकडच्या सार्वजनिक चर्चेत मला त्यात तीन वेगवेगळ्या मागण्या दिसतात.

पहिली मागणी: पदावरून निघालेला कायदेशीर आदेश पाळा. दुसरी: त्या पदाचं काम करायला जागा द्या. म्हणजे खुर्ची, सही, माहिती, बैठकीचं अध्यक्षस्थान, नीट हाक मारणं. तिसरी: गप्प बसा.

पहिल्या दोन मागण्या पदाच्या कामातून येतात. आदेश पाळलाच नाही तर पद असून नसल्यासारखं. बैठकीला बोलावलंच नाही तर काम होणार कसं? तिसरी मागणी मात्र पदाच्या कामातून येत नाही, ती चोरपावलांनी आत शिरते. राज्यपालांवर टीका झाली म्हणून राज्यपालांची एकही फाईल अडत नाही. मुख्यमंत्र्यांबद्दल कोणी वाईट बोललं म्हणून मंत्रिमंडळाची बैठक रद्द होत नाही. (मारण्याची भाषा हा वेगळा विषय आहे. तिथे प्रश्न पदाच्या मानाचा नसून धमकीचा असतो, आणि तो कोणाहीबद्दल बोललं तरी तसाच राहतो.)

आपल्या न्यायालयांनीही ही रेघ ओढलेली आहे. 1962 च्या केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याने स्थापन झालेलं सरकार आणि त्या वेळी कारभार चालवणाऱ्या व्यक्ती यांत फरक केला. सरकारवर कितीही कडक शब्दांत टीका केली तरी हिंसेला चिथावणी नसेल तर तो राजद्रोह नाही, असं सांगितलं. आणि 11 मे 2023 ला महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षावर निकाल देताना घटनापीठाने म्हटलं, की जून 2022 मध्ये बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय कायद्याला धरून नव्हता. चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे ठाकरे सरकार परत आणता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. आता सांगा, या निकालाने राज्यपालपदाचा मान कमी झाला की राहिला? माझ्या मते राहिला. पदाच्या मर्यादा कोणीतरी ठणकावून सांगणं, हा त्या पदाचा मान ठेवण्याचाच एक मार्ग आहे. 1642 चा मुद्दा इथे कामी येतो.

अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाल्यावर 18 मे 2025 ला मुंबईत आले. त्यांचं पद राजकीय नाही, पण उदाहरण जवळचं आहे आणि विदर्भातलं माणूस आहे, म्हणून घेते. राज्याचे मुख्य सचिव, पोलीस महासंचालक आणि मुंबईचे पोलीस आयुक्त कार्यक्रमाला नव्हते. गवईंनी ते जाहीरपणे बोलून दाखवलं, आणि प्रश्न आपल्या व्यक्तीचा नसून संस्थांनी एकमेकांना देण्याच्या मानाचा आहे असं सांगितलं. त्यानंतर राज्य सरकारने राजशिष्टाचाराचं परिपत्रक काढलं. पुढे यावरच कोणी जनहित याचिका घेऊन न्यायालयात गेलं, तर ती त्यांच्याच पीठाने दंड लावून फेटाळली. इथे दुसरी मागणी केली गेली आणि ती पूर्ण झाल्यावर विषय ताणू दिला नाही. ‘पदाचा मान’ आपल्या मापात कसा असतो ते यातून दिसतं.

आता खालच्या खुर्चीकडे

इथवर राजभवन आणि मंत्रालयाबद्दल बोललो. पण तुम्ही उमरेडला बसून संशोधन करणार असाल, तर तुमच्या सायकलच्या अंतरावर जी राजकीय पदं आहेत ती सरपंचाची, पंचायत समिती सदस्याची, नगरसेवकाची. या पदांना प्रश्न लावून पाहा, उत्तर वेगळं येतं.

73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. स्त्रियांना एक तृतीयांश जागा, अनुसूचित जाती आणि जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, सरपंचपदांनाही आरक्षण. महाराष्ट्राने 2011 मध्ये स्त्रियांचा वाटा 50 टक्के केला. ज्या गावात एखाद्या घराला पिढ्यान्‌पिढ्या मान होता, तिथे आता चिठ्ठी निघते आणि सरपंचपद दुसऱ्याच घरात जातं.

‘मान’ हा शब्द पुन्हा उलटून पाहा. आपल्या पूर्व विदर्भात पोळ्याच्या तोरणाखाली पहिली जोडी कोणाची, हा मान ठरलेला असायचा. मालगुजाराचा, पाटलाचा. मान *मागावा* लागत नव्हता, तो जन्माबरोबर यायचा. नागपूर मध्य प्रदेशात असताना 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, महाराष्ट्रात 1962 च्या कायद्याने वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपली. अधिकार कागदावर गेले, पण वाड्यासमोरून जाताना आवाज खाली करायची सवय कायद्याने जात नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला ‘श्रेणीबद्ध विषमता’ म्हटलं ते याचसाठी: वर पाहताना आदर चढत जातो, खाली पाहताना तुच्छता वाढत जाते.

डार्वलवरचा माझा मुख्य आक्षेप इथे आहे. त्याचा दखलेचा मान असं गृहीत धरतो, की समोरचा कोण आहे हे एकदा कळलं की दखल घेतली जाईल. आपल्या गावात समोरचा कोण आहे हे सगळ्यांना आधीच नीट माहीत असतं. आडनाव माहीत असतं, मोहल्ला माहीत असतं. दखल अडते ती माहिती नसल्यामुळे नाही, माहिती असल्यामुळे.

जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याचं प्रकरण घ्या. 2021 मध्ये निवडून आलेल्या सरपंच मनीषा पानपाटील यांच्याविरुद्ध गावातल्या काही जणांनी तक्रार केली, की त्या सरकारी जागेवरच्या घरात सासूबरोबर राहतात. अतिक्रमण असेल तर ग्रामपंचायत सदस्य अपात्र ठरतो, ही तरतूद कायद्यात खरोखर आहे आणि तिला कारणही आहे. पानपाटील यांचं म्हणणं होतं की त्या तिथे राहत नाहीत, नवरा आणि मुलांसोबत भाड्याच्या घरात राहतात. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी ते कायम ठेवलं, उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळे आदेश रद्द केले. एक स्त्री सरपंच झाली आणि तिच्या सूचना पाळाव्या लागणार, हे गावकऱ्यांना पचलं नाही, असं निरीक्षण नोंदवलं. निवडून आलेल्या स्त्रीला काढण्याची बाब इतकी हलक्यात घेऊ नये, हेही सांगितलं.

मघाच्या तीन मागण्या या प्रकरणाला लावा. इथे कोणी "सरपंचावर टीका करू नका" असं म्हणत नव्हतं. तिसरी मागणी चित्रातच नाही. प्रश्न पहिल्या आणि दुसऱ्याचा होता: आदेश पाळणं आणि काम करू देणं. नेमक्या ह्याच मागण्या कोणीही बसलेलं असलं तरी लागू होतात, असं आपण वर ठरवलं. ‘माणूस कसाही असो’ या शब्दांचा खरा अर्थ इथे उघडतो. राजभवनाच्या बाजूने वाचलं तर त्याचा अर्थ होतो "वाईट वागला तरी मान द्या". विचखेड्याच्या बाजूने वाचलं तर अर्थ होतो "कोणत्याही घरातून आली असली तरी मान द्या". पहिल्यात वागणुकीकडे डोळेझाक आहे. दुसऱ्यात जन्माकडे डोळेझाक आहे. लोकशाहीला दुसरी डोळेझाक हवी आहे, पहिली नको.

माझ्या मते या वाक्यावर होणारा बहुतेक वाद हे दोन अर्थ एकात मिसळल्यामुळे होतो.

तीन अवघड प्रश्न

आता स्वतःच्याच म्हणण्यावर आक्षेप घेऊ. व्हायवात समोरच्याने घेण्याआधी आपण घेतलेले बरे.

*एक, पद विकत घेतलेलं असेल तर?* जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक रद्द केली, कारण तिथे सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाल्याचं समोर आलं होतं. देवळासाठी पैसा जमवला म्हणून लिलाव पवित्र होत नाही. पदाचा मान पदापर्यंत पोचण्याच्या रस्त्याला धरून असतो. मतदानच झालं नाही, तर मान कशाचा ठेवायचा? आयोगाने निवडणूक रद्द केली तोच पदाचा मान होता.

*दोन, मान भलत्यालाच मिळत असेल तर?* सरपंचपती तुम्हाला माहीत आहेत. सही बाईंची, खुर्ची नवऱ्याची. गाव म्हणतं, "आमी सरपंचाले मान देतोच की." देतं, पण नवऱ्याला. हा प्रकार इतका पसरला आहे, की केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाला 2023 मध्ये त्यावर सल्लागार समिती नेमावी लागली. तेव्हा गावात मान किती आहे एवढं विचारून चालत नाही, तो कोणाकडे जातो हे पाहावं लागतं.

*तीन, पदावरच्या माणसाचं काय देणं लागतं?* आपल्या उमरेडचंच पाहू. हा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. 2019 मध्ये राजू पारवे इथून काँग्रेसतर्फे निवडून आले. मार्च 2024 मध्ये त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला, शिंदे यांच्या शिवसेनेत गेले आणि रामटेकची लोकसभा लढवली. ती ते हरले. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीपर्यंत उमरेडला आमदार नव्हता. याकडे दोन्ही बाजूंनी बघता येतं. पक्ष सोडताना त्या पक्षाच्या तिकिटावर मिळालेली आमदारकीही सोडली. पक्षांतरबंदी कायद्यातून पळवाटा काढण्याचे प्रकार पाहता, हा पदाचा मान ठेवणंच झालं. पण पाच वर्षांसाठी दिलेलं काम मध्येच टाकलं आणि विधानसभेत उमरेडची खुर्ची सात-आठ महिने रिकामी राहिली, हेही खरं. यातली कोणती बाजू जड, हे ठरवण्यासाठी मानाचा सिद्धान्त दोन्ही टोकांना लागू व्हायला हवा. लोकांकडून मान मागणारं तत्त्व पदावर बसलेल्याकडून काहीच मागत नसेल, तर ते तत्त्व अर्धंच आहे.

मग मोजायचं कसं?

"तुम्ही सरपंचांचा मान ठेवता का?" अशी प्रश्नावली घेऊन गावात गेलात तर शंभरातले जवळपास सगळे "हो" म्हणतील. तो डेटा फेकून द्यावा लागेल. मान ही कृती आहे असं आपण ठरवलं, तर कृतीच पाहायच्या.

ग्रामपंचायत कार्यालयात सरपंच कुठे बसतात? त्या नसताना त्यांच्या खुर्चीवर कोणी बसतं का? ग्रामसभेत पहिलं कोण बोलतं, आणि त्या बोलत असताना मध्ये कोण बोलतं? ग्रामसेवक निर्णयाआधी फोन कोणाला करतात? बिलं काढायचं डिजिटल सहीचं डोंगल कोणाच्या घरी असतं? 15 ऑगस्टला झेंडा कोण चढवतं? प्रोसिडिंग बुकात नाव कसं लिहिलेलं आहे, आणि लोक हाक कशी मारतात, ‘सरपंच’ म्हणून, ताई म्हणून, की ‘अमक्याची बायको’ म्हणून? यातली प्रत्येक गोष्ट दिसते, नोंदवता येते, आणि दोन गावांत ताडून पाहता येते.

शिवाय निसर्गाने नाही, पण कायद्याने तुम्हाला एक प्रयोग फुकट दिला आहे. आरक्षण फिरतं. त्याच गावात, त्याच खुर्चीवर एका पाळीत खुल्या गटातला पुरुष असतो, पुढच्या पाळीत राखीव गटातली स्त्री. पद तेच आणि माणूस बदलला, हे आपल्या प्रश्नाचं प्रत्यक्ष रूप आहे. या फिरत्या आरक्षणाचा आधार घेऊन राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानात अभ्यास केला, तो 2004 मध्ये छापून आला. स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींचा खर्च स्त्रियांनी मांडलेल्या गरजांकडे, जसं पाण्याकडे, जास्त वळतो असं त्यात दिसलं.

आपल्याला त्याहून जवळचा आहे 2009 चा लेख, लोरी बीमन, डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा, पश्चिम बंगालमधला. त्यांना दिसलं ते असं: स्त्री प्रमुख पाहिल्यावरही पुरुषांना पुरुष नेताच *आवडत* राहिला. पण स्त्रीचं काम जोखताना जो हात आखडता होता, तो सैल झाला. आणि दोनदा आरक्षण येऊन गेलेल्या गावांत पुढे खुल्या जागेवरही स्त्रिया जास्त निवडून आल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी मान *द्यावा लागला*, कायद्याने. आदर *वाटायला* नंतर सुरुवात झाली, तीही अर्धवट. दखलेतून मूल्यमापनाकडे जाणारी ही वाट डार्वलच्या लेखात नाही. ती तुम्हाला गावात शोधायची आहे.

एक सूचना. गावात गेल्यावर तुम्ही ‘विद्यापीठाचे’ म्हणून तुम्हाला मान मिळेल, आणि तो बऱ्याचदा सरपंचांच्याच खुर्चीच्या रूपाने पुढे येईल. बसू नका. बाजूची घ्या. तुम्ही जे मोजायला आलात तेच तुमच्या येण्याने बिघडू शकतं. आणि सरपंच बाईंची मुलाखत नवऱ्याच्या समोर झाली, तर वहीत तशी नोंद करा. ती नोंद मुलाखतीइतकीच कामाची आहे.

सिनॉप्सिसमध्ये काय लिहाल?

‘राजकीय पदांची घसरती प्रतिष्ठा’ हे शीर्षक खोडा. त्याजागी असे प्रश्न येऊ शकतात. उमरेड तालुक्यात सरपंचपद खुल्यातून राखीव झाल्यावर पदाच्या कामाला मिळणाऱ्या जागेत काय बदल होतो? सरपंचपदाचा मान पदाबाहेरच्या कोणाकडे वळतो, आणि कोणत्या परिस्थितीत? थेट निवडून आलेल्या सरपंचाला सदस्यांतून निवडलेल्या सरपंचापेक्षा गाव वेगळं वागवतं का? हा शेवटचा प्रश्न महाराष्ट्रात खास जमतो. थेट निवड 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये परत आली.

आणि सिद्धान्ताच्या प्रकरणात भूमिका घ्यायला घाबरू नका. माझी भूमिका ही: पदाला मान आहे, तो कोणीही बसलं तरी आहे, आणि तो कामापुरता आहे. आदेश पाळण्यापुरता, काम करू देण्यापुरता. त्यात आदर वाटण्याची सक्ती नाही आणि गप्प बसण्याची तर मुळीच नाही. पुढच्या वेळी कोणी हे वाक्य म्हटलं, की एवढंच विचारा: तुम्ही ते खुर्चीवरच्या माणसाला प्रश्नांपासून वाचवायला म्हणताय, की त्या खुर्चीवर कोणालातरी बसू द्यायला? उत्तर दुसरं असेल तर त्यांच्या बाजूने उभे राहा.